समदुःखींचीं विश्रामगृहें : उगम, परंपरा व दप्तर

१. विषयप्रवेश

एखाद्या संस्थेचा उगम कोणाकडून झाला हा प्रश्न वरवर पाहतां केवळ मानपानाचा वाटतो. परंतु सनद कोणाच्या नांवची आहे यावरच वतन कोणाचें हें ठरत असतें, ही गोष्ट जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्या वाचकांस सांगणें नको. गेल्या सुमारें पन्नास वर्षांत युरोप, अमेरिका व न्यू झीलंड येथें एका निराळ्या प्रकारचीं घरें उघडलीं गेलीं आहेत. ज्याचें चित्त एकाएकीं विस्कटलें आहे, ज्याची झोंप उडाली आहे, ज्यास इतरांस न ऐकूं येणारे आवाज ऐकूं येतात, किंवा ज्यास जीव नकोसा झाला आहे, अशा मनुष्यानें रुग्णालयांत न जातां कांहीं दिवस जेथें जाऊन राहावें, अशीं हीं घरें आहेत. त्यांचा विशेष असा कीं, तेथें सोबत करणारीं माणसें स्वतः त्याच वाटेनें गेलेलीं असतात, आणि घराचा कारभारहि त्यांच्याच हातीं असतो.

हीं घरें कोणाच्या कल्पनेंतून निघालीं? दयाळु वैद्यांच्या, कीं खुद्द रुग्णांच्या? या विषयावरील लेखनांत दोन्ही मतें आढळतात, व प्रत्येक पक्ष आपापली वंशावळ पुढें करतो. प्रस्तुत लेखांत उपलब्ध पुराव्याच्या आधारें या वंशावळी तपासून पाहावयाच्या आहेत. जो निर्णय होईल त्यावर या घरांचा खरा धनी कोण हेंहि थोडेंबहुत अवलंबून राहील, म्हणून हा खटाटोप.

प्रथम संज्ञेविषयीं दोन शब्द. इंग्रजींत या घरांस ‘पीअर रेस्पाइट’ म्हणतात. यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ बरोबरीचा, समान. परंतु समानता येथें वयाची किंवा दर्जाची नसून भोगलेल्या दुःखाची आहे. म्हणून ‘समदुःखी’ हा शब्द आम्हीं योजला आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ विसांवा. ‘धर्मशाळा’ हा जुना शब्द येथें मोह पाडतो खरा, कारण वाटसरू तेथें रात्रभर टेकतो व सकाळीं आपल्या वाटेनें जातो. पण धर्मशाळेची व्यवस्था दात्याच्या हातीं असते, वाटसरूंच्या नव्हे. आणि येथें तर तोच मुद्दा मुख्य आहे. सबब ‘विश्रामगृह’ हाच शब्द पत्करावा हें बरें.

२. लक्षण

वंशावळ तपासण्यापूर्वीं लक्षण निश्चित केलें पाहिजे, नाहींतर कोणतेंहि घर कोणत्याहि कुळांत घालतां येईल. तें लक्षण असें : (अ) वास अल्पकाळाचा असावा, (आ) येणें व जाणें स्वेच्छेचें असावें, कुलूप किंवा सक्ति नसावी, (इ) स्थान घरगुती असावें, (ई) सोबत आणि कारभार हीं दोन्ही मानसिक संकटांतून स्वतः गेलेल्या माणसांकडे असावीं. यांपैकीं चौथें लक्षण असाधारण होय. तें गाळलें कीं अतिव्याप्तीचा दोष येतो.

उदाहरणार्थ, बेल्जम देशांतील गेल या गांवीं संत डिम्फ्ना हिच्या स्थानाच्या आश्रयानें चित्तभ्रम झालेल्यांस गृहस्थांच्या घरीं ठेवून घेण्याची चाल कित्येक शतकें चालत आली आहे. इंग्लंडांत क्वेकर पंथाचा व्यापारी विल्यम ट्यूक यानें इ. स. १७९६ मध्यें यॉर्क येथें ‘रिट्रीट’ नांवाचें आश्रयस्थान उघडलें. हॅना मिल्स नांवाची त्याच पंथाची एक स्त्री इ. स. १७९० मध्यें यॉर्कच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावली, हें त्याचें निमित्त. हीं दोन्हीं स्थानें सौम्य वागणुकीसाठीं प्रसिद्ध आहेत व त्यांचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तथापि गेलमध्यें यजमान हा गृहस्थ आहे आणि यॉर्कमध्यें तो पंथाचा पुढारी आहे. ज्याचें चित्त बिघडलें तो दोन्हीकडे पाहुणाच राहिला. तेव्हां हीं आपल्या विषयाचीं शेजारघरें होत, पूर्वजांचीं घरें नव्हेत.

३. प्यूसँ आणि पिनेल : एका दंतकथेची तपासणी

वैद्यांच्या बाजूनें जी वंशावळ सांगतात तिचा मूळपुरुष फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल हा होय. पॅरिसजवळील बिसेत्र येथील इस्पितळांत त्यानें वेड्यांच्या बेड्या स्वहस्तें तोडविल्या, ही कथा सर्वतोमुखीं आहे. शार्ल म्यूलर यानें इ. स. १८४९ मध्यें बिसेत्रचा देखावा रंगविला, व टोनी रोबेर-फ्लरी यानें इ. स. १८७६ मध्यें साल्पेत्रिएर येथील स्त्रियांच्या सुटकेचा. आपल्याकडे बखरीनें जें काम केलें तें तेथें या चित्रांनीं केलें. म्हणजे प्रसंग ठसठशीत केला आणि मनुष्य बदलला.

अस्सल कागद निराळेंच सांगतात. बिसेत्र येथील वेड्यांच्या विभागाचा कारभारी ज्याँ-बाप्तिस्त प्यूसँ हा होता. हा मूळचा कातडें कमावण्याच्या धंद्यांतला. गंडमाळेच्या रोगासाठीं बिसेत्रमध्यें रुग्ण म्हणून आला, बरा झाला, आणि तेथेंच नोकरीस राहून विभागाच्या मुख्य कारभारीपदास चढला. पिनेल तेथें इ. स. १७९३ मध्यें आला व इ. स. १७९५ मध्यें साल्पेत्रिएरकडे गेला. बिसेत्रमधील सांखळ्या निघाल्या त्या इ. स. १७९७ मध्यें, म्हणजे पिनेल गेल्यानंतर, आणि त्या काढल्या प्यूसँनें. स्वतः पिनेलनें आपल्या ग्रंथांत प्यूसँचें ऋण मान्य केलेलें आहे. लपवाछपवी त्याची नव्हे, मागाहूनच्या भक्तांची आहे. प्यूसँनें आपल्या अनुभवाचें एक टिपण लिहून ठेवलें होतें. इतिहासलेखिका डोरा वायनर यांनीं तें उजेडांत आणून इ. स. १९७९ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. कागद लिहिला गेल्यापासून छापला जाईपर्यंत सुमारें एकशें ऐंशी वर्षें लोटलीं.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें प्यूसँची एक गोष्ट महत्त्वाची आहे. सेवकवर्ग निवडतांना तो होतां होईल तों बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच माणसें घेई; हीं माणसें अधिक सौम्य असतात व मारहाणीस प्रवृत्त होत नाहींत असा त्याचा अनुभव होता. समदुःखी हा उत्तम सोबती होतो, या तत्त्वाचा इतका स्पष्ट व इतका जुना व्यवहार अन्यत्र क्वचित् आढळेल. परंतु येथें दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एक, प्यूसँ स्वतः गंडमाळेचा रोगी होता, चित्तभ्रमाचा नव्हे. दुसरी, बरे झालेले रुग्ण तेथें चाकर होते, कारभारी नव्हते. तेव्हां सोबतीचें बीज बिसेत्रमध्यें सांपडतें, सत्तेचें सांपडत नाहीं.

४. पर्सिव्हल व त्याची सभा

सत्तेचा नसला तरी हक्काचा पहिला संघटित उच्चार इंग्लंडांत झाला. इंग्लंडचा मुख्य प्रधान स्पेन्सर पर्सिव्हल याचा पार्लमेंटच्या आवारांत ११ मे १८१२ रोजीं खून झाला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. त्याचा मुलगा जॉन टॉमस पर्सिव्हल (१८०३–१८७६) हा लष्करांत होता. त्यास चित्तभ्रम झाल्यामुळें इ. स. १८३१ पासून १८३४ पर्यंत प्रथम ब्रिस्टलजवळील ब्रिस्लिंग्टन हाउस व मागाहून ससेक्स परगण्यांतील टाइसहर्स्ट अशा दोन खासगी इस्पितळांत ठेवण्यांत आलें. हीं दोन्हीं स्थळें श्रीमंतांचीं होतीं. तरीसुद्धां बांधून ठेवणें, थंड पाण्याचा मारा आणि कांहींएक न विचारतां परस्पर निर्णय घेणें यांचा अनुभव त्यास आला. सुटल्यावर त्यानें आपली हकीकत दोन भागांत प्रसिद्ध केली : पहिला भाग इ. स. १८३८ मध्यें, दुसरा १८४० मध्यें.

हा ग्रंथ नुसता तक्रारीचा अर्ज नव्हे. भ्रमाच्या अवस्थेंत आपणांस काय दिसलें व काय ऐकूं आलें, त्या आज्ञा आपण कां पाळल्या, आणि त्यांतून आपण हळूहळू कसे बाहेर आलों, हें त्यानें बारकाईनें नोंदविलें आहे. त्याचा मुख्य आक्षेप असा होता कीं, ज्याची बुद्धि कांहीं बाबतींत ढळली त्याची ती सर्वच बाबतींत ढळली असें गृहीत धरून त्याचा मनुष्यपणा काढून घेतात. पुढें हा ग्रंथ विस्मृतींत गेला. इ. स. १९६१ मध्यें ग्रेगरी बेटसन यानें तो संक्षेपानें पुनः छापविला, तेव्हां एकशेंवीस वर्षांनंतर विद्वानांचें लक्ष त्याकडे गेलें.

परंतु ग्रंथापेक्षां मोठें कार्य सभेचें आहे. ७ जुलै १८४५ रोजीं लंडनमध्यें ‘कथित वेड्यांच्या मित्रांची सभा’ या अर्थाच्या नांवाची एक संस्था स्थापन झाली. तींत स्वतः कोंडले गेलेले अनेक गृहस्थ होते, आणि पुढील वर्षापासून पर्सिव्हल तिचा चिटणीस झाला. अन्यायानें डांबलेल्यांचीं प्रकरणें हातीं घेणें, कायद्यांत सुधारणा मागणें आणि सुटून आलेल्यांस आधार देणें हीं तिचीं कामें. इ. स. १८६३ च्या सुमारास ती नाहींशी होईपर्यंत सत्तरांहून अधिक रुग्णांचीं प्रकरणें तिनें चालविलीं, असें निकोलस हर्वी यांच्या इ. स. १८८६ नव्हे तर १९८६ च्या, म्हणजे अगदीं अलीकडच्या, संशोधनावरून दिसतें. इतका काळ तिचा इतिहास कोणी लिहिलाच नव्हता. इ. स. १८५९ मध्यें पार्लमेंटच्या चौकशी-समितीपुढें पर्सिव्हलनें साक्ष दिली. राज्यांतील सर्व वेड्यांचा आपण मुखत्यार आहों, अशा भाषेंत तो बोलत असे. इ. स. १८५१ मध्यें तर बेथलेमच्या इस्पितळांतील एका बंदिवानाच्या कविताहि त्यानें संपादून छापविल्या. ज्यांस कोणी ऐकत नाहीं त्यांचे कागद जतन करणारा संग्राहक, या नात्यानें आमच्या वाचकांस तो विशेष जवळचा वाटावा.

पर्सिव्हलच्या सभेनें राहण्याचें घर चालविलें नाहीं. परंतु ‘आम्हांविषयीं निर्णय आम्हांस वगळून होऊं नये’ हा जो आशय तिच्या सर्व कार्यांत आहे, तोच चौथ्या लक्षणाचा पाया होय.

५. हातचें निसटलेलीं दोन उदाहरणें

यानंतरच्या शतकांत समदुःखींनीं आरंभिलेलें कार्य तज्ज्ञांच्या हातीं कसें जातें याचीं दोन स्पष्ट उदाहरणें अमेरिकेंत आहेत. क्लिफर्ड बीअर्स याला इ. स. १९०० ते १९०३ या काळांत कनेक्टिकट संस्थानांतील तीन इस्पितळांत राहावें लागलें. इ. स. १९०८ मध्यें त्यानें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या प्रयत्नानें इ. स. १९०९ मध्यें मानसिक आरोग्याची राष्ट्रीय समिति निघाली. त्या समितीचें धोरण लौकरच वैद्यांच्या व विद्वानांच्या हातीं गेलें. रुग्णांच्या छळाचा मूळ प्रश्न मागें पडून रोगप्रतिबंधाची चर्चा पुढें आली.

दुसरें उदाहरण न्यूयॉर्कचें. इ. स. १९४० नंतरच्या दशकांत रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयांतून सुटलेल्या कांहीं जणांनीं ‘आम्ही एकटे नाहीं’ अशा अर्थाचें नांव धारण करून मंडळ काढलें. त्याच्याच प्रेरणेनें इ. स. १९४८ मध्यें ‘फाउंटन हाउस’ हें घर उभें राहिलें. अंगणांतील कारंज्यावरून त्यास हें नांव पडलें. इ. स. १९५५ मध्यें जॉन बिअर्ड हा समाजसेवा शास्त्राचा जाणता कार्यवाह म्हणून आला व संस्थेस मोठी भरभराट आली. परंतु तेव्हांपासून कारभाराची घडी पगारी सेवकांभोंवतीं बसली. संस्था उत्तम चालली, हें नाकारतां येत नाहीं. तरी वतन कोणाचें या प्रश्नाचें उत्तर बदललें, हेंहि नाकारतां येत नाहीं.

६. सोटेरिया : वैद्यानें उघडलेलें घर

आतां ज्या घरास पुष्कळ लेखक सर्व विश्रामगृहांची जननी मानतात त्याकडे वळूं. लॉरेन मोशर (१९३३–२००४) हा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत स्किझोफ्रेनिया या विकाराच्या अभ्यासविभागाचा प्रमुख होता. लंडनमधील किंग्सले हॉल (१९६५–१९७०) हें आर. डी. लेंग व त्याच्या सहकाऱ्यांचें स्थान त्यानें पाहिलें होतें. इ. स. १९७१ मध्यें कॅलिफोर्नियांत सान होझे गांवीं एका साध्या वस्तींतील जुन्या घरांत त्यानें ‘सोटेरिया’ सुरू केलें. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ मुक्ति किंवा तारण. एका वेळीं साधारण सहा तरुण रहिवासी, पहिलीं कांहीं आठवडे होतां होईल तों औषधांवांचून, आणि सोबतीस साधीं माणसें. भ्रम झालेल्याजवळ बसावें, त्यास दुरुस्त करूं पाहूं नये, त्याच्या अनुभवास अर्थ आहे असें धरून चालावें, ही तेथील पद्धति. दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष रुग्णालयांतील उपचारांच्या तोडीचे किंवा कांहीं बाबतींत सरस आले. तरी इ. स. १९८० मध्यें मोशरचें पद गेलें व १९८३ मध्यें पैशांअभावीं घर बंद झालें. त्याच धर्तीवर लुक चिओम्पी यानें इ. स. १९८४ मध्यें स्वित्झर्लंडांतील बर्न येथें दुसरें सोटेरिया उघडलें.

आतां लक्षण लावून पाहावें. घर होय, सक्ति नाहीं. पण वास कित्येक महिन्यांचा, आणि सोबती निवडले गेले ते साधेपणावरून, समदुःखावरून नव्हे. कारभार तर संशोधकांचा. म्हणजे (अ) व (ई) हीं दोन लक्षणें जुळत नाहींत. सोटेरियाचें ऋण मोठें आहे. तें घराच्या रीतीचें आणि जवळ बसण्याच्या कलेचें आहे. परंतु मावशीस आई म्हणणें हा प्रेमाचा व्यवहार झाला, वंशावळीचा नव्हे.

७. व्हॅन्कूव्हर आणि ज्यूडी चेंबरलिन

खरी मातृशाखा त्याच सुमारास दुसरीकडे वाढत होती. इ. स. १९७० मध्यें ऑरेगन संस्थानांतील पोर्टलंड येथें, व १९७१ मध्यें न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथें माजी रुग्णांच्या मुक्तिसंघटना निघाल्या. कॅनडांत व्हॅन्कूव्हर शहरीं इ. स. १९७१ मध्येंच लॅनी बेकमन व त्याचे सहरुग्ण यांनीं मनोरुग्णांचा संघ स्थापिला. या संघानें येण्याजाण्याचें खुलें केंद्र उघडलें, आणि राहण्याचीं घरेंहि चालविलीं. तेथील नियम सभासदांच्या बैठकींत ठरत.

त्याच शहरीं भावनिक संकटांत सांपडलेल्यांसाठीं वैद्यांवांचून चालणारें एक लहान निवासस्थानहि होतें. ज्यूडी चेंबरलिन (१९४४–२०१०) ही अमेरिकन स्त्री तेथें आश्रयास राहिली. इ. स. १९६६ मध्यें गर्भपातानंतर आलेल्या विषण्णतेमुळें तिला इस्पितळांत जावें लागलें होतें, व तेथें सक्तीचा अनुभव आला होता. व्हॅन्कूव्हरमध्यें पुनः संकट आलें तेव्हां रात्रंदिवस जवळ माणूस होतें आणि दाराला कुलूप नव्हतें. या दोन अनुभवांची तुलना तिच्या इ. स. १९७८ च्या ‘ऑन अवर ओन’ या ग्रंथाचा गाभा आहे. मोशरचा पुरावा निरीक्षकाचा. चेंबरलिनचा पुरावा, आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर, प्रत्यक्ष वहिवाटदाराचा.

त्या ग्रंथांतील एक विभागणी आपल्या कामाची आहे. रुग्णालयाऐवजीं निघालेल्या संस्थांचे तिनें तीन वर्ग केले : तज्ज्ञ व इतर मिळून चालवितात तो भागीदारीचा, तज्ज्ञांस वगळून रुग्ण व अरुग्ण समान नात्यानें चालवितात तो आधाराचा, आणि केवळ माजी रुग्णच चालवितात तो स्वतंत्र. यांपैकीं पहिल्या वर्गांत देणारा व घेणारा हा भेद शिल्लक राहतो, असा तिचा आक्षेप. आम्हीं वर चौथें लक्षण असाधारण म्हटलें त्याचा लेखी आधार येथें आहे. घर, अल्पवास, अकुलूप द्वार आणि समदुःखींची सत्ता हीं चारी अंगें एकत्र आणून त्यांचें समर्थन करणारा हा ग्रंथ पुढील घरांचा सनदपत्र झाला.

८. बर्लिनचें ‘पळून आलेल्यांचें घर’

युरोपांतील धारा बहुतांशीं स्वतंत्र आहे. नेदरलंड्समध्यें रुग्णालयांतून पळालेल्यांसाठीं आश्रयगृहें निघालीं होतीं. बर्लिन येथें इ. स. १९८० मध्यें माजी रुग्णांची ‘इर्रेन-ओफेन्झिव्ह’ ही संघटना झाली. ‘इर्रे’ म्हणजे वेडा. शिवी म्हणून मिळालेलें नांव त्यांनीं बिरुदासारखें मिरविलें. डच घरें पाहून तसेंच घर बर्लिनमध्यें काढण्याचा या मंडळींचा विचार झाला. पुढें इ. स. १९८९ मध्यें मानसोपचारांतील जुलुमापासून संरक्षण हा हेतु नांवांतच सांगणारी एक संस्था स्थापन झाली. आणि पुष्कळ अर्ज, नकार व वाटाघाटी होऊन १ जानेवारी १९९६ रोजीं शहराच्या उत्तरेकडील फ्रोनाउ भागांत घर उघडलें. या कार्याची एक अध्वर्यु टीना श्टॉकल् इ. स. १९९२ मध्येंच वारली होती. तिचें नांव घरास दिलें गेलें.

या घराची घटना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. तेरा जणांची सोय. सोबत्यांपैकीं निदान निम्मे स्वतः मनोरुग्णालयांतून गेलेले असलेच पाहिजेत. वैद्यकीय निदान लावावयाचें नाहीं. औषध घेणें अथवा सोडणें रहिवाशाच्या मर्जीवर. आणि त्याच्याविषयीं जें कांहीं लिहिलें जाईल तें वाचण्याचा त्यास अधिकार. पैशाची तरतूद मात्र आरोग्यखात्याकडून न होतां बेघरांच्या साह्याच्या कायद्याखालीं झाली. त्यामुळें वैद्यांच्या देखरेखीवांचून घर चाललें, हा लाभ. पण ज्यास स्वतःचें घर आहे त्यास तेथें प्रवेश मिळणें कठीण झालें, ही हानि. इनाम कोणत्या सदरांतून मिळालें यावर त्याच्या अटी ठरतात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

९. अलीकडील विस्तार

इंग्लंडांत लीड्स येथें इ. स. १९९९ मध्यें समदुःखींच्या संस्थेनें ‘डायल हाउस’ सुरू केलें. तेथें मुक्काम नसून संध्याकाळपासून मध्यरात्रीपलीकडेपर्यंत आसरा मिळतो, कारण संकट बहुधा रात्रीं वाढतें. अमेरिकेंत न्यू हॅम्पशर संस्थानांत शेरी मीड व तिचे सहकारी यांनीं इ. स. १९९० नंतरच्या दशकांत अल्पमुक्कामाची सोय केली, आणि समदुःखींनीं परस्परांशीं कसें बोलावें याची शिकवणहि तयार केली. इ. स. २००८ मध्यें जॉर्जिया संस्थानांत डिकेटर येथें, २०१० मध्यें कॅलिफोर्नियांत सांता क्रूझ येथें व २०१२ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत नॉर्थॅम्प्टन येथें घरें उघडलीं. न्यू झीलंडांत दक्षिण ऑकलंड येथें ‘तुपु आके’ हें माओरी नांवाचें घर इ. स. २००८ पासून समदुःखींनीं चालविलें.

नॉर्थॅम्प्टनच्या घराचें नांव ‘आफिया’. तें स्वाहिली भाषेंतून घेतलें. परंतु त्याचें मूळ अरबी आहे. फारशी पत्रांच्या मायन्यांत ‘खैर-आफियत’ ज्यांनीं वाचली आहे त्यांस हा शब्द परका वाटणार नाहीं. स्वास्थ्य, कुशल असा त्याचा अर्थ. या घरांत तीन खोल्या असून सात रात्रींपर्यंत राहतां येत असे. येण्याची इच्छा ज्याची त्यानेंच बोलून दाखवावी, नातलगानें किंवा वैद्यानें परस्पर पाठवूं नये, असा दंडक ठेवला होता. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत आफिया व तुपु आके या दोहोंचाहि अनुकरणीय म्हणून समावेश केला आहे.

परिणामांचा पुरावा थोडा पण दखल घेण्याजोगा आहे. इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियांतील एका प्रयोगांत ३९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून कांहींस बंद रुग्णालयांत व कांहींस समदुःखींनीं चालविलेल्या खुल्या निवासांत ठेवलें. दुसऱ्या गटांतील लोकांस अधिक बरें वाटलें व त्यांचें समाधानहि अधिक झालें. सांता क्रूझच्या घराविषयीं इ. स. २०१५ मध्यें निघालेल्या अभ्यासांत घरांत राहिलेले १३९ व न राहिलेले १३९ अशांची तुलना होती. राहिलेल्यांस पुढें रुग्णालयाची किंवा तातडीच्या सेवेची गरज लागण्याचा संभव सुमारें ७० टक्के कमी दिसला. ज्यांस तशी गरज लागली त्यांच्या बाबतींत मुक्काम लांबला तसा त्या सेवांचा वापर कमी झाला, मात्र प्रत्येक जादा दिवसागणिक मिळणारा लाभ घटत गेला. यांतील दुसरा अभ्यास चिठ्ठीचा नसून जुळवणीचा आहे, हें भेद ठेवूनच त्यावर विसंबावें. शिवाय या घरांत खाटा मोजक्या, आणि सक्तीनें आणलेल्यास तेथें जागा नाहीं. तेव्हां सर्व रुग्णालयांचें काम तीं करतील असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल.

१०. दप्तराचा प्रश्न

आतां संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय. न्यूयॉर्क संस्थानांतील विलर्ड येथील मनोरुग्णालय इ. स. १८६९ मध्यें उघडलें व १९९५ मध्यें बंद झालें. तें मिटवितांना माळ्यावर रुग्णांच्या चारशेंहून अधिक पेट्या सांपडल्या. प्रवेशाच्या दिवशीं काढून घेतलेल्या, आणि धनी परत न गेल्यामुळें तशाच राहिलेल्या. त्यांत पत्रें, छायाचित्रें, कपडे, पुस्तकें. डार्बी पेनी व पीटर स्टास्टनी यांनीं त्यांवरून कांहीं रुग्णांचीं चरित्रें जुळवून इ. स. २००८ मध्यें ग्रंथ काढला. रुग्णालयाच्या दप्तरांत त्याच माणसांविषयीं नोंदी होत्या, पण त्या लक्षणांच्या. पेटींत मनुष्य होता व दप्तरांत रोगी होता.

समदुःखींच्या घरांनीं यावरून एक धडा घेतला आहे : रहिवाशाविषयीं फारसें लिहावयाचेंच नाहीं. ज्याच्याविषयीं आजन्म इतरांनीं लिहिलें त्यास निदान सात रात्रीं कोणाच्या लेखणीखालीं न राहतां झोंप मिळावी, ही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें परिणाम असा कीं, ज्या संस्थांनीं माणसांस उत्तम वागविलें त्यांचेंच दप्तर सर्वांत तुटपुंजें राहील, आणि पन्नास वर्षांनीं अभ्यासकापुढें केवळ सरकारी अनुदानाचे कागद व वैद्यांचे लेख उरतील. मग पिनेलच्या चित्राची पुनरावृत्ति होण्यास कितीसा वेळ लागणार?

यावर आमची सूचना अशी. मनुष्याचें दप्तर आणि घराचें दप्तर हे दोन भिन्न पदार्थ आहेत. रहिवाशाचें नांव, दुःख व वृत्तांत हें त्याचें स्वतःचें वतन. तें त्याच्या संमतीवांचून कोणीं संग्रहीं घालूं नये. परंतु घराचे नियम, बैठकींचीं टिपणें, जमाखर्च, भाड्याचे करार, अर्ज व त्यांवरील नकार, हस्तपत्रकें आणि नियतकालिकें हा सर्व ठेवा जपला पाहिजे. कॅलिफोर्नियांतून इ. स. १९७२ पासून १९८६ पर्यंत निघालेलें ‘मॅडनेस नेटवर्क न्यूज’ हें माजी रुग्णांचें पत्र आज या चळवळीचें मुख्य साधन ठरलें आहे. तें छापणारांनीं तें इतिहासासाठीं छापलें नव्हतें.

११. उपसंहार

सारांश, पुराव्यावरून तीन धारा दिसतात. गेल, यॉर्क व पिनेल यांची धारा सौम्यतेची. तिनें वागणुकीचा आदर्श दिला. सोटेरियाची धारा सहवासाची. तिनें घराची रीत दिली. बिसेत्रच्या बऱ्या झालेल्या सेवकांपासून पर्सिव्हलच्या सभेंतून व्हॅन्कूव्हर व बर्लिनपर्यंत आलेली धारा समदुःखींची. तिनें सत्ता दिली. ही तिसरी धारा अखंड आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बीअर्स व फाउंटन हाउस यांच्या ठिकाणीं ती तज्ज्ञांच्या पात्रांत वळली, व १९७० च्या सुमारास पुनः स्वतंत्रपणें उगवली. परंतु असाधारण लक्षण तिच्याकडूनच आलें असल्यामुळें उगमाचा मान तिचाच आहे, असा आमचा निर्णय आहे.

हिंदुस्थानांत इ. स. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्यानें वेड्यांच्या इस्पितळांची घडी बसली, ती १९१२ व १९८७ च्या कायद्यांनीं बदलत गेली, आणि इ. स. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. या शेवटच्या कायद्याच्या अठराव्या कलमांत मध्यंतरीच्या वसतिगृहांची व आधारयुक्त निवासाची तरतूद असून, रुग्णांच्या हक्कांची तपासणी करणाऱ्या मंडळांवर मनोरुग्ण व्यक्ति किंवा त्यांची काळजी वाहणारे यांनाहि जागा ठेवली आहे. पुणें येथें इ. स. १९९९ मध्यें भार्गवी दावर यांनीं बापू ट्रस्ट ही संस्था स्थापिली. तिचें काम वस्तीवस्तींतून चालणारें असून मुक्कामाचें घर हें तिचें स्वरूप नव्हे, तरी समदुःखींचा आवाज या प्रांतांत मांडण्याचें श्रेय तिजकडे जातें. उद्यां असें घर येथें निघालें तर त्याची सनद कोणाच्या नांवची असावी, हें ठरविण्यास वरील इतिहास उपयोगी पडेल.

शेवटीं एक विनंति. मुंबई इलाख्यांतील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल सरकारी संग्रहांत मिळतात. परंतु आंत राहिलेल्यांनीं लिहिलेलीं मराठी पत्रें, अर्ज, वह्या किंवा अभंग कोणाच्या घरच्या रुमालांत असण्याचा संभव आहे. असे कागद ‘वेड्याचे’ म्हणून बाजूस सारूं नयेत. कुटुंबियांची संमति घेऊन, नांवें झांकून, त्यांची नोंद तरी करून ठेवावी. प्यूसँचें टिपण छापलें जाण्यास सुमारें एकशें ऐंशी वर्षें लागलीं. आपल्याकडील टिपणास तितकीं लागूं नयेत.